बेचिराग : वैजापूर परिसरातील ओस ऐतिहासिक स्थळांचा विचार

जुन्या महसुली कागदपत्रांत वस्ती उठून गेलेल्या गावासाठी 'बेचिराग' हा शब्द योजिलेला आढळतो. 'बे' म्हणजे विना आणि 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात तिन्हीसांजेला दिवा लागत नाही ते बेचिराग, असा या फारसी शब्दाचा सरळ अर्थ होय. मराठीत पुढे त्याचे 'बेचिराख' असे रूप रूढ झाले. त्यात 'राख' हा शब्द ऐकू येऊ लागला आणि जळून भस्मसात होणे हा अर्थ त्यास चिकटला. शब्दाच्या या स्थित्यंतरात एक ऐतिहासिक गैरसमजही दडलेला आहे. एखादी गढी, सराई वा गावठाण ओस पडलेले दिसले की ते कोणी तरी लुटले वा जाळले असले पाहिजे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. महसुली नोंद मात्र याहून पुष्कळ कमी आणि म्हणूनच पुष्कळ नेमके सांगते. त्या ठिकाणी कोणी राहत नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. गावाची शीव कायम असते, जमिनीवर आकार बसलेला असतो, शेजारच्या गावचे कुळ ती कसतही असते. केवळ वस्ती नसते. आजही जनगणनेत वस्तीची गावे आणि निर्जन गावे यांची वेगळी मोजदाद होते, ती याच परंपरेतील आहे.

नाश आणि रिकामेपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाशाला बहुधा एखादी तारीख असते. रिकामेपणाला क्रम असतो. हा क्रम कसा घडला आणि ओस पडलेल्या वास्तूंपैकी काही टिकल्या व काही नाहीशा झाल्या त्या कशामुळे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या पश्चिम टोकास असलेला वैजापूर तालुका हे क्षेत्र निवडले आहे. वेरूळ, अजिंठा व दौलताबाद यांच्या कीर्तीमुळे या जिल्ह्याच्या इतिहासलेखनात पश्चिमेकडील कोरड्या पठाराकडे फारसे लक्ष गेले नाही. परंतु रिकामेपणाच्या अभ्यासास हाच भाग अधिक उपयुक्त आहे. कारण येथील वास्तू लहान आहेत, त्यांचे हेतू व्यावहारिक होते आणि हेतू संपताच त्यांचे काय झाले हे त्यांच्याकडे पाहून कळू शकते.

प्रदेश आणि पाणी

वैजापूर तालुक्याची दक्षिण सीमा गोदावरी नदी आहे. पश्चिमेस नाशिक जिल्ह्यातील येवला आणि दक्षिणेस गोदावरीपलीकडे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा मुलूख लागतो. नारंगी, शिवना या नद्या उत्तरेकडील डोंगररांगांतून निघून गोदावरीकडे वाहतात. परंतु उन्हाळ्यात त्यांची पात्रे कोरडी पडतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथील पाऊस कमी आणि बेभरवशाचा आहे. वाळवंट या शब्दाचा काटेकोर अर्थ या प्रदेशास लागू पडत नाही. तथापि मानवी वस्तीच्या दृष्टीने येथील पाण्याचे दुर्भिक्ष इतके निर्णायक आहे की, गाव कोठे वसावे, वाट कोणत्या बाजूने जावी आणि सैन्याने तळ कोठे द्यावा, हे आड, बारव व नदीतील डोह यांनीच ठरविले.

रिकामेपण ही या खोऱ्यात नवी घटना नाही. प्रवरेच्या तीरावरील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती आणि सातवाहनकालीन वस्ती यांच्यामध्ये कित्येक शतकांची पोकळी आढळून आली. जोर्वे संस्कृतीची बहुसंख्य गावे इसवी सनापूर्वी एक हजारच्या सुमारास ओस पडली. इनामगाव येथील दीर्घ उत्खननाच्या (१९६८ ते १९८२) आधारे म. के. ढवळीकर यांनी या स्थलत्यागाचा संबंध वाढत्या अवर्षणाशी जोडला. ऐतिहासिक काळात १६३० ते १६३२, १८७६ ते १८७८, १८९९-१९०० आणि १९७२ ही दुष्काळाची वर्षे दख्खनच्या स्मरणात आहेत. असे असले तरी केवळ अवर्षणाने सर्व उलगडा होत नाही. दुष्काळात उठलेले गाव पाऊस पडताच पुष्कळदा पुन्हा वसे; राज्यकर्ते कौल देऊन व सारा सोडून रयतेस परत आणीत. जेथे रयत परतली नाही, तेथे दुष्काळाखेरीज दुसरेही काही कारण असले पाहिजे. ते कारण शोधण्यासाठी वाट, सत्ता आणि सरहद्द या तिहींकडे वळावे लागते.

पालखेड : वास्तूविना स्थळ

वैजापूरच्या पूर्वेकडील पालखेड हे या परिसरातील सर्वांत महत्त्वाचे ऐतिहासिक स्थळ होय. आणि तेथे त्या घटनेने मागे ठेवलेली एकही वास्तू नाही. चौथाईच्या वादात निजामुल्मुल्क याने कोल्हापूरच्या संभाजीची बाजू उचलून धरली आणि शाहू छत्रपतींच्या हक्काविषयी शंका उपस्थित केली. त्यावरून १७२७ मध्ये युद्ध पेटले. पहिला बाजीराव समोरासमोर न भिडता जालना, वऱ्हाड, खानदेश व गुजरात असा वेगाने फिरत राहिला. इकडे निजामाने पुणे प्रांतात शिरून दबाव आणण्याचा प्रयत्न केला. बाजीराव औरंगाबादेवर चालून येत असल्याचे कळताच निजामास परत फिरावे लागले. वेगाने हालचाल करता यावी म्हणून त्याने जड तोफखाना मागे ठेवला, आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडच्या टेकाडांच्या, निर्जल मुलखात तो मराठ्यांच्या वेढ्यात सापडला.

या प्रसंगास लढाई म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तेथे मोठा रणसंग्राम झाला नाही. मराठी फौजांनी दाणागोटा तोडला आणि पाण्याच्या वाटा रोखून धरल्या. तृषार्त सैन्य व जनावरे घेऊन निजामास तहाची बोलणी लावणे भाग पडले. ऐवजखानाच्या मध्यस्थीने वाटाघाटी झाल्या, निजामाच्या छावणीस पाण्याजवळ सरकण्याची मोकळीक मिळाली आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. दख्खनच्या सहा सुभ्यांतील शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला. विसाव्या शतकातील ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांनीही आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेस गतिमान युद्धतंत्राचा श्रेष्ठ नमुना मानले आहे.

रिकाम्या स्थळांच्या अभ्यासात पालखेडला विशेष स्थान द्यावे लागते, याचे कारण असे की येथे रिकामेपण हाच पुरावा आहे. फेब्रुवारीअखेरीस ओढे आटलेले असतात. कोठे पाणी उरते आणि कोठे उरत नाही, हे भूमीकडे पाहूनच समजते. तेथे विहिरी, कालवे व इमारती होण्यापूर्वीची भूरचना लक्षात घेतल्यावाचून बाजीरावाने हीच जागा का साधली याचे उत्तर मिळणार नाही. येथे जतन करावयाची वस्तू म्हणजे तट वा बुरूज नसून टेकाडे, ओढे आणि वाटा यांची परस्परसंगती होय. अशा स्थळाची ओळखही सहज निसटते. नाशिक जिल्ह्यात कादवा नदीवर पालखेड नावाचेच धरण असल्याने लोकप्रिय लेखनात ही लढाई पुष्कळदा नाशिकजवळ नेऊन ठेवली जाते. गोदावरी ओलांडून औरंगाबादच्या बचावास निघालेल्या फौजेचा मार्ग पाहिल्यास ती गोष्ट संभवनीय ठरत नाही. ज्या ठिकाणी वास्तू नाही तेथे नावाचा आधार उरतो, आणि नाव एकटे पडले की ते दुसरीकडे वाहून जाते.

गढी : हेतू संपल्याचा इतिहास

गावांतील गढ्यांचे प्रकरण याहून निराळे आहे. मराठवाड्यातील गढीची रचना सर्वसाधारणपणे ठराविक असते. गावठाणाच्या उंचवट्यावर चौकोनी तटबंदी, कोपऱ्यांवर बुरूज, तळाशी घडीव दगड व वर विटा किंवा पांढऱ्या मातीचे जाड बांधकाम, एकच भक्कम दरवाजा व त्यास दिंडी, आत देवड्या, चौसोपी वाडा, धान्यासाठी बळदे व पेवे आणि वेढा पडला तरी तग धरता यावा म्हणून आड. देशमुख, देशपांडे, पाटील वा जहागीरदार यांचे हे निवासस्थान असे. परंतु निवास हा गढीचा एक उपयोग झाला. वसूल गोळा करून तो पोहोचविला जाईपर्यंत सुरक्षित ठेवणे, धाडीच्या वेळी गावच्या माणसांना आसरा देणे आणि सत्तेचे अस्तित्व गावास दिसत ठेवणे, ही तिची खरी कामे होती.

ही कामे एकामागून एक काढून घेतली गेली. १७६३ मध्ये निझामाची राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस गेली आणि या भागातील सरदार घराण्यांचा ओढा पूर्वेकडे वळला. १८०३ मधील असईची लढाई आणि १८१८ मधील पेशवाईचा अस्त यांनंतर हा मुलूख दोन सत्तांमधील युद्धक्षेत्र राहिला नाही. धाडीचे भय ओसरताच तटबंदीचे कारणही ओसरले. पहिल्या सालारजंगाने आपल्या दिवाणगिरीत (१८५३ ते १८८३) जिल्हाबंदी केली, मक्त्याने वसूल देण्याची पद्धत मोडली आणि देशमुख-देशपांड्यांना वसुलीच्या कामातून मोकळे करून त्यांना रुसूम बांधून दिला. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पाहणी व जमाबंदी झाली. वसूल तहसील कचेरीत जमा होऊ लागला आणि गढीतील बळदे घरच्या धान्यापुरती उरली. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० च्या कूळकायद्याने जमीनधारणेचे स्वरूप पालटले. मोठा वाडा राखण्यास लागणारे उत्पन्न व मनुष्यबळ या दोहोंचा आधार तेथे संपला.

गढी रिकामी होण्यास अशा रीतीने जवळजवळ दोनशे वर्षे लागली आणि त्यांतील एकही पायरी आगीची अथवा लुटीची नव्हती. प्रत्येक वेळी कोठे तरी दूर एखादा हुकूम निघाला आणि गावातील या इमारतीचे एक काम कमी झाले. अखेरीस वारसांच्या अविभक्त हिश्शांचा प्रश्न उरला. शहरात स्थायिक झालेल्या अनेक वारसांपैकी दुरुस्तीचा खर्च कोणी एकाने करावा असे कोणासच वाटत नाही, आणि विक्रीस सर्वांची संमती मिळत नाही.

त्यापुढील क्रमही बहुधा ठरलेला असतो. प्रथम लाकूड जाते. दारे, खांब आणि तुळया यांना नेहमीच मागणी असते. तुळया गेल्या की माळवद खचते आणि पावसाचे पाणी भिंतींत मुरते. नंतर घडीव दगड हलतात. शेवटी पांढरी माती जाते. ती पाणी धरून ठेवीत नाही, म्हणून धाब्यावर घालण्यास ती उत्तम समजली जाते आणि गावाची घरे शाकारण्यास पिढ्यान्‌पिढ्या ती गढीतून वा जुन्या गावठाणातून खणून नेण्याचा रिवाज आहे. मराठीत शेतजमिनीस 'काळी' आणि गावठाणास 'पांढरी' म्हणतात, यातील अर्थ येथे प्रत्यक्ष दिसतो. माणसांच्या दीर्घ वस्तीने, चुलींच्या राखेने व पडलेल्या भिंतींनी जी माती पांढरी झाली, तीच पुढच्या वस्तीचे छप्पर होते. गावकऱ्यांच्या दृष्टीने हा नाश नसून उपयोग आहे. इतिहास-संशोधकाच्या दृष्टीने मात्र पांढरीचे प्रत्येक टोपले म्हणजे थर उलथलेला पुरावा होय. या दोन दृष्टींचा मेळ न घालता केवळ गावकऱ्यांना दोष देणे न्याय्य ठरणार नाही.

सरहद्द आणि लोहमार्ग

वैजापूरचा आणखी एक विशेष असा की दीडशे वर्षांच्या आसपास हा तालुका दोन राज्यव्यवस्थांच्या सीमेवर होता. येवले व कोपरगाव ही ठाणी मुंबई इलाख्यात, तर वैजापूर निझामच्या राज्यात. हैदराबादेचा सिक्का वेगळा, कायदे वेगळे, दफ्तराची भाषा वेगळी. संस्थानाच्या सीमेवर मालावर जकात बसे. त्या खात्यास करोडगिरी म्हणत. अशा सरहद्दीवर नाके, चौक्या, शिपायांची घरे व मुक्कामाच्या जागा उभ्या राहतात, आणि सरहद्द पुसली गेली की त्या सर्वांचा हेतू एकाच वेळी संपतो. संस्थानाचे विलीनीकरण, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचा द्वैभाषिक मुंबई राज्यात झालेला समावेश आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची स्थापना या तीन टप्प्यांत ही सीमा राज्यांच्या नकाशावरून नाहीशी होऊन केवळ जिल्ह्यांची सीमा उरली. राजकीय इतिहासात हा एकीकरणाचा अध्याय आहे; वास्तूंच्या इतिहासात तोच एका संपूर्ण इमारतवर्गाच्या अकाली निवृत्तीचा अध्याय ठरतो.

लोहमार्गानेही असाच पालट घडविला. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरमापी फाटा १९०० च्या सुमारास मनमाडपासून औरंगाबादेस व पुढे हैदराबादेकडे गेला. वैजापूरसाठी रोटेगाव हे स्थानक झाले. औरंगाबादहून लासूर, वैजापूर, येवला यांवरून जाणाऱ्या जुन्या वाटेवर बैलगाड्यांचे व तांड्यांचे टप्पे दिवसाच्या मजलीप्रमाणे ठरत; बारव, धर्मशाळा, सराई यांची अंतरे त्या मजलीने बांधलेली होती. आगगाडीने मजल ही कल्पनाच निकालात काढली. ज्या बारवेवर वाटसरू थांबत तिला आता केवळ शेजारच्या शेताचा आधार उरला. पुढे रेल्वेच्या वास्तूंवरही तीच वेळ आली. वाफेच्या एंजिनांना ठराविक अंतरावर पाणी घ्यावे लागे, म्हणून टाक्या, विहिरी व कर्मचाऱ्यांची घरे बांधली जात. डिझेल एंजिने आली आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मनमाड-औरंगाबाद मार्ग रुंदमापी झाला, तेव्हा त्या जुन्या व्यवस्थेचा उपयोग उरला नाही. ज्या यंत्रणेने सराई रिकामी केली तिच्याच इमारती नव्वद-शंभर वर्षांत रिकाम्या झाल्या, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

जी स्थळे ओस पडली नाहीत

कोरडेपणा, सत्तांतर व वाटांचे स्थलांतर ही कारणे सर्वत्र सारखीच लागू असता काही स्थळे अव्याहत नांदती राहिली. तालुक्यातील शिऊर येथे संत बहिणाबाई (१६२८ ते १७००) यांची समाधी आहे. वेरूळजवळील देवगाव येथे जन्मलेल्या आणि तुकाराम महाराजांना गुरू मानणाऱ्या या कवयित्रीने अभंगांतून स्वतःचे चरित्र सांगितले, आणि त्या परंपरेने शिऊरचे नाव जागते ठेवले. गोदावरीतील सराला बेट हे गंगागिरी महाराजांच्या सप्ताह-परंपरेमुळे गजबजलेले असते. वैजापूर गावात नऊगजी बाबा या नावाने ओळखला जाणारा सय्यद रुक्नुद्दीन यांचा दर्गा भाविकांनी सोडलेला नाही. परिसराबाहेरचे उदाहरण घ्यावयाचे तर वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर व तेथील तीर्थकुंड यांचा अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, तोही चालू उपासनेच्याच आधारावर.

या स्थळांचे रक्षण करणारी शक्ती कोणत्याही सरकारी खात्याची नाही. ठराविक तिथीस तेथे माणसे येतात, त्यांच्यासाठी पाणी, सावली व अन्न यांची सोय करावी लागते, आणि त्या सोयीपोटी इमारतीची डागडुजी होते. गढीला वा नाक्याला अशी तिथी नसते. याचा अर्थ नांदत्या स्थळी इतिहास सुरक्षित असतो असा मात्र नव्हे. जुना लाकडी सभामंडप उतरवून काँक्रीटचा बांधणे, शिलालेखावर तैलरंग देणे, पायऱ्यांवर फरशी बसविणे हे सर्व श्रद्धेतूनच घडते. वापराने वास्तूचे आयुष्य वाढते आणि तिचे जुनेपण घटते. ओस वास्तूत याच्या उलट घडते. तिचे आयुष्य घटत जाते, पण जे उरते ते मूळचे असते. संशोधनाच्या दृष्टीने ओस वास्तूचे मोल येथे आहे.

नोंदींतील पोकळी

या परिसराची पुरातत्त्वीय पाहणी झालीच नाही असे म्हणता येत नाही. जेम्स बर्जेस यांचा बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांवरील अहवाल १८७८ मध्ये, औरंगाबादचे गॅझेटियर १८८४ मध्ये आणि हेन्री कझिन्स यांनी केलेली निझामच्या मुलखातील प्राचीन अवशेषांची यादी १९०० मध्ये प्रसिद्ध झाली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. अजिंठ्याच्या चित्रांच्या रक्षणासाठी १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणण्यापर्यंत त्या खात्याची मजल गेली. १३३७ फसलीत संस्थानाने प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदाही केला. पुढे केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आला. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटर क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित ठरले.

हे सर्व कार्य मोठे होते. परंतु त्याची नजर लेणी, मंदिरे, किल्ले, मशिदी व मकबरे यांच्यावर होती. गढी, चावडी, करोडगिरीचा नाका, बारव अथवा रेल्वेची टाकी यांना त्या यादीत क्वचितच जागा मिळे, कारण त्या वेळी त्या वापरात होत्या आणि वापरातील गोष्ट स्मारक गणली जात नाही. वापर संपला तोपर्यंत पाहणीचा काळ उलटून गेला होता. केंद्रीय कायद्याची शंभर वर्षांची अट पाहता, मीटरमापी लोहमार्गाच्या पहिल्या इमारती वयाने पात्र ठरल्या तेव्हा तो मार्गच अस्तित्वात नव्हता. पालखेडसारखे वास्तूविरहित स्थळ तर स्मारकाच्या रूढ व्याख्येत मुळी बसतच नाही. संरक्षणाच्या व्यवस्थेत ही जी पोकळी राहिली ती कोणाच्या अनास्थेपेक्षा वर्गीकरणाच्या पद्धतीतून आलेली आहे.

कोरडेपणाने राखलेले

येथे एका विरोधाभासाकडे लक्ष वेधले पाहिजे. गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर बंधारा व १९१६ मध्ये पूर्ण झालेले दारणा धरण यांच्या पाण्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील निफाड, येवले, कोपरगाव या बाजूस कालवे गेले. त्या पट्ट्यात ऊस आला, साखर कारखाने आले, आणि पैसा आला की जुना वाडा पाडून नवी इमारत बांधण्याची ऐपतही येते. सरहद्दीच्या अलीकडे निझामी राज्यातील वैजापूर कोरडे राहिले. येथील माणसे रोजगारासाठी बाहेर पडली आणि वास्तू रिकाम्या झाल्या; पण त्या पाडून त्यांच्या जागी काही नवे उभारण्याइतकी संपत्ती गावांत नव्हती, म्हणून त्या उभ्याही राहिल्या. ज्या दारिद्र्याने वास्तू ओस पडल्या त्यानेच त्या राखल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही स्थिती आता पालटली आहे. नांदूर मध्यमेश्वर जलदगती कालव्याचे पाणी वैजापूर व गंगापूर तालुक्यांसाठी आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. पाणी आणि वाट या ज्या दोन गोष्टींच्या अभावाने वा स्थलांतराने येथील स्थळे रिकामी झाली, त्या दोन्ही एकाच पिढीत परत आल्या आहेत. तालुक्यातील लोकांच्या दृष्टीने ही इष्ट घटना आहे. कोणत्याही इतिहासप्रेमाने तिच्याकडे कुरकुरीने पाहणे अनुचित होय. परंतु त्यामुळे दुर्लक्षातून मिळणारे अभय संपले, हेही तितकेच खरे. जमिनीचे मोल वाढले की पांढरीचे टेकाड सपाट होते, ओढा वळविला जातो आणि अविभक्त हिश्शांचा वाद मिटविण्यास खरेदीदार पुढे येतो. जे दोनशे वर्षे हळूहळू घडत होते ते आता एका हंगामात घडू शकते.

तुलना आणि पद्धती

अन्यत्रच्या अनुभवातून दोन गोष्टी घेता येतील. इंग्लंडमधील ओस पडलेली मध्ययुगीन गावे १३४८-४९ च्या महामारीने उठली, असा समज दीर्घकाळ होता. मॉरिस बेरेसफर्ड यांनी कराची दफ्तरे आणि शेतांतील उंचवटे यांची सांगड घालून १९५४ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी येथे १९५० पासून चार दशके झालेल्या उत्खननातून असे दिसले की, ते गाव महामारीने नव्हे तर पुढे मेंढपाळीसाठी जमीन मोकळी करण्याच्या धोरणाने अखेरचे रिकामे झाले. एका नाट्यमय आपत्तीच्या जागी धोरणाचा संथ परिणाम दिसून आला. वैजापूरच्या गढ्यांविषयी वर जे म्हटले आहे त्याच्याशी हे जुळते. राजस्थानात जैसलमेरजवळील कुलधरा या ओस गावाविषयी शापाची कथा इतकी प्रसृत आहे की पाणी व सारा यांची चर्चा मागे पडते. आख्यायिकेने इतिहासाची जागा घेतल्याचे हे उदाहरण जवळचेच आहे.

दुसरा अनुभव जतनाचा आहे. कॅलिफोर्नियातील बोडी हे सोन्याच्या खाणींचे गाव खाणी आटल्यावर ओस पडले. १९६२ मध्ये त्यास राज्य ऐतिहासिक उद्यान करण्यात आले, तेव्हा इमारती नव्यासारख्या न करता आहे त्या पडझडीच्या अवस्थेत थोपवून धरण्याचे धोरण स्वीकारले गेले. छप्पर गळू द्यावयाचे नाही, भिंत कोसळू द्यावयाची नाही. परंतु नवा मुलामा चढवावयाचा नाही. उंच, कोरड्या प्रदेशातील लाकडी घरांना हे शक्य झाले. पांढऱ्या मातीच्या गढीला चार महिन्यांचा पाऊस सोसावा लागतो, म्हणून हा उपाय येथे जसाच्या तसा लागू होणार नाही. तरी त्यातील तत्त्व उपयुक्त आहे. माळवद शाबूत राखणे आणि भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत न शिरू देणे, एवढ्या दोन कामांनी गढीचे आयुष्य कितीतरी वाढते.

सर्व वास्तू जतन होतील अशी अपेक्षा बाळगणे व्यवहार्य नाही. नोंद मात्र सर्वांची होऊ शकते, आणि पदव्युत्तर विभागांच्या आवाक्यात असणारे हे कार्य आहे. प्रत्येक गावची गढी, जुने गावठाण, बारव, चावडी व वापरातून गेलेली शासकीय इमारत यांचे स्थान, मोजमाप व छायाचित्र, बांधणीचे साहित्य, कोणते काम कोणत्या काळी संपले याचा महसुली दफ्तरातील पुरावा, आणि गावातील वृद्धांनी सांगितलेली माहिती, असे नोंदीचे चार भाग करता येतील. त्यांत बेचिराग गावांच्या याद्यांचा मिलाफ केल्यास कोणत्या काळी कोणत्या बाजूची वस्ती सरकली याचा नकाशा तयार होईल. पालखेडच्या बाबतीत ओढे, डोह व जुन्या वाटा यांची मांडणी नव्या रस्त्यांनी व कालव्यांनी पालटण्यापूर्वी अंकित करणे हे सर्वांत निकडीचे काम होय.

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वैजापूर परिसरातील स्थळे प्रामुख्याने विध्वंसाने ओस पडलेली नसून राजधानी, वसूलपद्धती, सरहद्द व वाट यांतील बदलांनी त्यांचे हेतू संपत गेले. दुष्काळाने या क्रमाला गती दिली. दुसरा असा की, ज्या स्थळांना लोकांच्या नित्य येण्याजाण्याचा आधार राहिला ती नांदली, परंतु जुनेपणाचा अधिक अस्सल पुरावा ओस स्थळांतच उरला आहे. तिसरा निष्कर्ष काळाशी संबंधित आहे. दारिद्र्य आणि दुर्लक्ष यांनी आजवर जे राखले, त्याचे रक्षण यापुढे ती करू शकणार नाहीत. पाणी आणि रस्ता आलेल्या या तालुक्यात जुन्या पांढरीवर नवी घरे उठतील, ते योग्यही आहे. ती उठण्यापूर्वी त्या जागेची मोजणी व नोंद व्हावी, इतकीच इतिहासाची मागणी आहे.